‘ने’ कोणाला आणि ‘ला’ कोणाला?

इंजिनीअरिंगला येऊन भागाकार काय शिकायचा, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. पण दुसऱ्या वर्षाच्या सुटीत वडशाला घरी गेलो आणि याच भागाकाराने माझी चांगलीच फजिती केली.

बहिणीचे लग्न ठरले होते. पंगतीला दोन क्विंटल तांदूळ लागणार. घरचे धान गिरणीवर किती न्यायचे ते काढ, असे बाबांनी सांगितले. शासकीय भरडाईत अरवा तांदळाचा उतारा ६७ टक्के धरतात, तोच मी घेतला. २०० चे ६७ टक्के म्हणजे १३४. ऐटीत सांगितले, एक क्विंटल चौतीस किलो! आई आतूनच बोलली, “काऊन रे, धानापेक्षा तांदूळ जास्त निघते का?”

तेवढे धान नेले असते तर जेमतेम ९० किलो तांदूळ हाती आला असता, आणि अर्ध्या पंगती उपाशी. चूक गुणाकारात नव्हती, वाक्य वाचण्यात होती. उतारा म्हणजे तांदळाला धानाने भागून येणारा भागाकार. धान माहीत नाही, ते क्ष. म्हणून

२०० / क्ष = ६७ / १००

यावरून क्ष साधारण २९८.५, म्हणजे तीन क्विंटल.

आता शब्दांकडे बघा. मराठीत क्रम कसाही असो, ‘ला’ लागलेला भाज्य, तो वर. ‘ने’ लागलेला भाजक, तो खाली. ‘संख्येला ४० ने भागले’ म्हणजे क्ष/४०, आणि ‘४० ला संख्येने भागले’ म्हणजे ४०/क्ष. ‘संख्येने ४० ला भागले’ असे उलटवून लिहिले तरी उत्तर ४०/क्ष च. मात्र क्ष खाली गेला की तो शून्य नाही हे आधी लिहून ठेवावे; पेपरात याचा अर्धा मार्क हमखास जातो.

खरा घोळ कंसाचा. ‘संख्येला ४ ने भागून आलेल्या भागाकारात ३ मिळवले असता ८ येतात’ : क्ष/४ + ३ = ८, उत्तर २०. ‘संख्येत ३ मिळवून आलेल्या बेरजेला ४ ने भागले असता ८ येतात’ : (क्ष + ३)/४ = ८, उत्तर २९. ‘ला’ कशाला चिकटला, एकट्या संख्येला की अख्ख्या बेरजेला, एवढेच बघायचे.

क्ष ही सोय आपली. भास्कराचार्य बाराव्या शतकातल्या ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत. दुसरी, तिसरी अज्ञात राशी आली की कालक, नीलक अशी रंगांची नावे. मला तर तेच जास्त आवडते.

जाता जाता मेस सेक्रेटरींसाठी एक. समजा महिन्याचा खर्च ५७,६०० रुपये. होस्टेलच्या एकूण मुलांपैकी १२ महिनाभर गावी होते. उरलेल्यांत खर्च वाटला, तेव्हा प्रत्येकी १,२०० रुपये आले. एकूण मुले किती? ज्याचे उत्तर साडेसत्तेचाळीस मुलांच्या आसपास येईल, त्याने कंस कुठे राहिला ते शोधावे.