विसार देण्याआधी जरा ऐक

हे बघ चिमे, तुझा उत्साह मला कळतो. सिंहगड रस्त्यावरचं रो-हाऊस, भाडेकरू आधीच बसलेले, महिन्याला 38 हजार हातात. पण ते 38 हजार येतात कुठून, ते नीट बघ गं. खालचं घर 24 हजारांना दिलंय. उरलेले 14 हजार गच्चीवर बांधलेल्या दोन खोल्यांचे. आणि त्या खोल्या मंजूर नकाशात नाहीत, हे एजंटानेच सांगितलं ना, 'सगळेच बांधतात मॅडम' असं म्हणून?

म्हणजे तुझ्या हक्काचं भाडं वर्षाला 2 लाख 88 हजार. मालक मागतोय 1 कोटी 45 लाख. हे जेमतेम दोन टक्के झाले, आणि त्यातून अजून मिळकतकर, डागडुजी, रिकामे महिने जायचेत. वरच्या खोल्यांची किंमत शून्य धर आणि मग बोल. बँकेचा व्हॅल्युअरही मंजूर क्षेत्रच धरेल. कर्ज कमी बसलं की वरची रक्कम तुझ्या ठेवीतून जाणार. शिवाय बँकांनी भोगवटा पत्र पाहिल्याशिवाय कर्ज देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये बजावलंय. त्याच निकालात म्हटलंय की बांधकाम जुनं आहे, पैसे गुंतलेत, एवढ्यावर बेकायदा बांधकाम वाचत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या इमारतींचं आठवतं ना? तिथल्या लोकांनी रोख पैसे मोजून घरं घेतली होती, वर्षानुवर्षं राहिलेही होते. तरी पाचव्या मजल्याच्या वरचं सगळं बेकायदा ठरलं.

'मागचा मालक बघून घेईल' या भरवशावर तर राहूच नकोस. नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस आली, तर तिला तोंड द्यायचं त्या वेळच्या मालकाने. मिळकतकराची थकबाकी मिळकतीवरच बोजा म्हणून असते, ती तुझ्याकडे येते. बेकायदा बांधकामावर करासोबत शास्तीही लागू शकते, दुपटीपर्यंत. ती भरल्याची पावती दाखवून कोणी 'झालं की कायदेशीर' म्हणालं तर मान डोलावू नकोस. शास्ती भरून बांधकाम नियमित होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. गुंठेवारीचंही नाव काढतील. तो 2001 चा कायदा परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांसाठी आहे. नकाशा मंजूर असलेल्या रो-हाऊसवर मागून चढवलेल्या खोलीला तो कशाला लागेल?

आणि तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिलेत. वरच्या बाथरूमचा पाइप स्लॅब फोडून खाली काढलाय, भोवती नुसतं सिमेंट थापलंय. त्याच्या बरोबर खाली बेडरूमच्या छताला ओल आलीय, पोपडे सुटलेत. वायर खालच्या मीटरवरून खिडकीतून वर ओढलीय. या गच्चीवर विटांच्या भिंती, पाण्याची टाकी आणि माणसं यांचा भार येईल, असा हिशेब मूळ बांधताना कुणी केला असेल? तिथे कॉलेजची मुलं राहतात. त्यांच्या आया कुठल्यातरी गावी निर्धास्त झोपतात गं. भाडेकरार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची, म्हणजे उद्या तुझी. त्या करारात नकाशावर नसलेली खोली तू काय म्हणून लिहिणार? मला तुझ्या पैशांपेक्षा याचीच काळजी जास्त वाटते.

घर सोडून दे असं नाही म्हणत मी. जागा चांगली आहे, पाणी आहे, सोसायटीही बरी वाटली. पण आधी महापालिकेतून मंजूर नकाशाची आणि भोगवटा पत्राची सही-शिक्क्याची प्रत काढ. मालक देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज कर, फी दहा रुपये. मग आपला आर्किटेक्ट घेऊन जा, एजंटाचा नको. त्याला टेप लावून प्रत्येक भिंत नकाशाशी ताडून बघू दे. एफएसआय शिल्लक असेल तर गच्चीवरची एखादी खोली शुल्क भरून नियमित होऊही शकते. पण फोटोंत बाजूच्या मोकळ्या जागेत एक स्वयंपाकघरही काढलेलं दिसतंय, त्याची मात्र मला आशा वाटत नाही. सामासिक अंतर खाल्लेलं बांधकाम सहसा पाडावंच लागतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घे, लेखी अहवाल माग. मिळकतकराच्या पावत्या, सर्च रिपोर्ट हे वकील बघेलच.

हे सगळं हातात आलं की साठेखतात स्पष्ट अट घाल. खोल्या नियमित करून द्यायच्या किंवा मालकाने स्वतःच्या खर्चाने काढून टाकायच्या, आणि तोवर मोठी रक्कम द्यायची नाही. भाव मंजूर क्षेत्रावरच ठरवायचा. मालक यावर चिडला, 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' म्हणाला, तर म्हणू दे. नकाशाची प्रत मिळाली की मला फोन कर, आर्किटेक्टबरोबर मीही येते. विसाराचा चेक त्यानंतर लिही.