पाच बुद्ध आणि सहा हजार

मुरूड, रविवार

चि. छकूस,

तुझा फोटो पोचला. टेबलावर ओळीने पाच बुद्धमस्तकं, शेजारी हत्ती, माळा आणि एक कंदील. खाली लिहिलंयस, 'मामा, घारापुरीचं बुद्धाचं देऊळ पाहिलं. सहा हजार उडाले. पगाराला बारा दिवस आहेत.' पैसे पाठवतो. पण आधी हे वाच.

तू पाहिलंस ते शंकराचं लेणं, बाई. ती अवाढव्य तीन मुखं सदाशिवाची. बुद्धाचं जे आहे ते पूर्वेकडच्या दुसऱ्या टेकडीवर, विटांच्या जुन्या स्तूपाच्या रूपात. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. तू पायऱ्यांवरच्या निळ्या ताडपत्रीखालचे बुद्ध पाहून खाली उतरलीस, आणि लाँच सुटायची घाई झाली असणार.

दुकानवाल्यांना बोल लावू नकोस. बेटावरच्या घरांची चूल पर्यटकांवर चालते. सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. भाव चढा सांगणं हा त्यांचा धंदा. आपण चढताना पाकीट उघडतो, हा आपला दोष. वर जाताना काहीही घ्यायचं नाही. आधी लेणं बघायचं, उतरताना दुकानं. वर तासभर घालवून आलं की पहिल्या पायरीवर जीव अडकलेला हत्ती निम्म्या वेळा आठवतसुद्धा नाही. घ्यायचंच तर चिरलेली कैरी घे, तिखटमीठ लावून. पैसे बेटावरच्याच बाईच्या हातात जातात आणि कैरी घरी आणून पुसावी लागत नाही.

मी काही शहाणा जन्मलो नाही. तुझ्या मामीला घेऊन पहिल्यांदा सहलीला गेलो तेव्हा एका तीर्थाच्या ठिकाणी चंदनाचा बुद्ध घेतला, परतीच्या तिकिटाचे पैसे मोडून. रात्रभर डब्यात घमघमाट. महिन्याभरात वास गेला, पावसाळ्यात रंग गेला, आणि आत निघालं पांढरं हलकं लाकूड. मामी अजून त्याला 'तिकीट' म्हणते.

आणि ती नुसती मस्तकं. जुन्या मूर्तींची डोकी करवतून संग्राहकांना विकली गेली, त्यातून ही धडावेगळ्या बुद्धाची हौस आली. आपल्या आळीत बौद्ध घरं आहेत. तिथे बुद्ध उंच फळीवर असतो, समोर मेणबत्ती आणि फुलं. तू चपलांच्या कपाटावर ठेवणार म्हणतेस. नको ठेवूस.

तरी तू पाचावर थांबलीस. घारापुरीहून आख्खा दगडी हत्ती उचलायला निघालेलेही होते! ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. 1864 साली इंग्रज तो विलायतेला न्यायला गेले, उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो राणीच्या बागेत उभा केलाय. बघून ये.

मग ये इकडे. मांदाडजवळ कुडे गावाच्या डोंगरात सव्वीस लेणी आहेत, समोर राजपुरीची खाडी. भिंतींवर ब्राह्मीत पैसे देणाऱ्यांची नावं आहेत. राजे थोडे, कामकरी माणसंच जास्त. फुलांचे हार करणारा माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. एका लेण्यात लेखनिकाचा धाकटा भाऊ शिवम आणि त्याची बायको विजया, आणि मुलाबाळांची नावंसुद्धा. त्यांचाही खर्च काही कमी झाला नसेल. पण वस्तू तिथेच राहिली, आणि दोन हजार वर्षांत कुणालाही ती पुसून फळीवर मांडावी लागली नाही. मी त्या ओळींवर बोट फिरवत उभा राहतो तेव्हा पहिला विचार येतो तो हा, की विजयाने नवऱ्याला 'एवढे कशाला' असं विचारलं असेल का.

तिथे एकही दुकान नाही. मामी घावन बांधून देईल, पाणी आपलं आपण न्यायचं. एसटी सकाळची धरू.

सहा हजार आज पाठवतोय. उसने आहेत. दरमहा पाचशे, पगाराच्या दिवशी, विसरायचं नाही. मामीला सांगितलेलं नाही.

तुझा
मामा