रबराचे झाड व शेतकऱ्याचा हिशेब

विमान धावपट्टीवर उतरते त्या क्षणी त्याचा सारा भार ज्या टायरांवर येतो, ते मुख्यत्वे एका झाडाच्या चिकाचे असतात, हे सांगितले असता पुष्कळांस नवल वाटते. हे झाड मूळचे ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. १८७६ साली हेन्री विकहॅम नामक इंग्रज गृहस्थाने त्याचे सुमारे ७०,००० बी लंडनजवळील क्यू येथील उद्यानात आणले. तेथे रुजलेली रोपे सिंहलद्वीपास गेली. आपल्या देशात व्यापारी लागवड १९०२ साली पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे सुरू झाली. आज केरळातील बहुतेक रबर लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे. तेव्हा त्यात नफा किती, हा प्रश्न कंपन्यांपेक्षा घरोघरच्या कर्त्या माणसांचा अधिक आहे.

लागवडीपासून चीक मिळेपर्यंत सुमारे सात वर्षे जातात. पहिली दोन-तीन वर्षे ओळींमधून केळी अथवा अननस घेता येतो. पुढे सावली दाट होते व तेही उत्पन्न थांबते. झाड चिकास आले की खरी परीक्षा चाकूची. पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी, सालीवर डावीकडून उजवीकडे उतरती खाच घ्यावयाची व तिची कड दर खेपेस जेमतेम दीड-दोन मिलिमीटर तासावयाची. चीक ओघळून करवंटीत जमतो. साल व लाकूड यांमधील कोवळ्या थरास चाकू लागला, तर तेथे नवी साल गाठाळ येते व पुढील वर्षांचे उत्पन्न बुडते. म्हणून आमच्या मते या धंद्याचे भांडवल जमिनीइतकेच चीक काढणाऱ्याच्या मनगटात आहे. आणि तसा माणूस मिळणे सोपे नाही. जमलेल्या चिकात सौम्य आम्ल घालून तो गोठवितात, लाटून पत्रे करितात व धुरात वाळवितात.

आता भावाकडे पाहू. २०११ साली किलोस २४० रुपयांच्या आसपास भाव चढला होता. तो पाहून ज्याने त्या वर्षी रोपे लाविली, त्याची झाडे २०१८ च्या सुमारास चिकास आली. त्या वेळी भाव १३० रुपयांच्या आतबाहेर होता. मधल्या २०१६ साली तर तो शंभराखाली गेला, मजुरी निघेना, आणि कित्येकांनी तयार झाडे तशीच उभी ठेविली. भात परवडले नाही तर पुढल्या पावसाळ्यात दुसरे काही पेरता येते. रबर मात्र जमीन पंचवीस-तीस वर्षे अडवून बसते.

आमच्या कोकणातही, दोडामार्ग तालुक्यात, केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबर लाविले आहे. तेथे पाऊस भरपूर आहे. उत्तर कोकणात मात्र पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने व उन्हाळ्याचा ताप यांमुळे झाड सावकाश वाढते आणि सात वर्षांचा हिशेब लांबतो. ज्या पालकांच्या मनात हे पीक आहे, त्यांनी आजचा भाव विचारण्याआधी तेवढी वर्षे घर कशावर चालेल हे मांडून पाहावे. काजू व नारळ तोडून त्या जागी रबर लावणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही. पडीक वरकस जमिनीचा एखादा तुकडा असेल तर गोष्ट वेगळी.