कॅप्सूल घासासोबत

बाबू, तुझ्या चिठ्ठीवरची स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमची कॅप्सूल मी सहा वर्षांपासून घेतो आहे. माझ्याही चिठ्ठीवर ‘दिवसातून तीनदा’ एवढंच होतं. मी घड्याळ लावून दुपारी एकला गिळायचो, जेवायचो अडीचला. पैसे गेले, परसाकडचं तेल काही थांबलं नाही.

त्यातलं लायपेज तेल-तूप फोडतं, पण त्याच वेळी पोटात अन्न असलं तरच. म्हणून पहिल्या घासाला एक घे आणि दोन सांगितल्या असतील तर दुसरी अर्ध्या ताटावर. लग्नाच्या पंगतीत पान मांडलं म्हणून गिळू नको. भात-वरण येऊन लोक जेवायला लागले की मग. बाजाराच्या दिवशी भजी खाशील तर तीही जेवणातच धर, तिला किती कॅप्सूल लागतात ते आधी विचारून ठेव. कोऱ्या चहाला आणि पेरूला लागत नाही. विसरलास तर पुढच्या जेवणाला दुप्पट नको.

चावायची तर मुळीच नाही गा. कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचं वेष्टण जठरातल्या आम्लापासून औषध वाचवतं. एकदा चार दाणे माझ्या कवळीखाली राहिले, हिरडी सोलून निघाली. वर पेलाभर पाणी पी. गिळवतच नसेल तर डॉक्टरांना विचारून सफरचंदाच्या थंड गरात दाणे मिसळ आणि लगेच गिळ. गरम वरणात किंवा दुधात टाकू नको.

एका दुकानदाराने हीच कॅप्सूल समजून मला साधी पाचक गोळी दिली होती. त्या गोळीने तेल पचत नाही. डबीवर 10,000 की 25,000 युनिट हे वाचूनच पैसे दे. शौच तरंगतं, भांड्याला चिकटतं, वजन उतरतं, असं झालं तर मात्रा डॉक्टर वाढवतील. आपण वाढवायची नाही. औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. घरी कोणाला ते चालत नसेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोल.

आता मोहाच्या दारूचं. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, तरी कुठे मिळते हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कॅप्सूल घेतो म्हणून एक घोट चालतो, असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. तंबाखूचा खर्राही स्वादुपिंडाचा वैरीच. आपल्याच तालुक्यात चातगावजवळ शोधग्रामचा दवाखाना आहे; व्यसन सुटत नसेल तर तिथे जायला लाजू नको. पोटातली कळ पाठीकडे गेली आणि उलट्या थांबेनात, तर कॅप्सूल शोधत बसू नको, सरळ दवाखाना गाठ.

मे महिन्यात डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नको. 25 अंशांच्या वर औषध बिघडतं आणि आपल्याकडे तर पारा 45 ला टेकतो. मी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माठाजवळच्या कोनाड्यात ठेवतो, पाण्यापासून हातभर लांब. आणि मृग लागायच्या आत महिनाभराची जास्त आणून ठेव, मुदतीची तारीख बघून. नाल्याला पूर आला की गडचिरोलीची एसटी दोन-दोन दिवस येत नाही.