जुन्या आज्ञावलींचा जीर्णोद्धार

जयपूरची जंतरमंतर वेधशाळा सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली. १९०१ साली तिचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा लेफ्टनंट गॅरेट यांच्या जोडीला पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी हे संस्कृतज्ञ होते. अशा कामाला केवळ दगडचुन्याचे ज्ञान पुरत नाही. सम्राटयंत्राच्या मोजपट्टीवरील रेघ किंचित ढळली, तरी इमारत उभीच राहते. वेळ मात्र चुकते. म्हणून दुरुस्त करावयाची वस्तू काय मोजते, हे आधी समजून घ्यावे लागते. संगणकाच्या जुन्या आज्ञावलींनाही हाच नियम लागू पडतो.

आज्ञावली दगडाप्रमाणे झिजत नाही. तिच्या भोवतालचे जग बदलते. कायदे, करांचे दर आणि यंत्रे बदलतात व त्यांच्याबरोबर तिच्यातही फेरफार करावे लागतात. वापरात असलेली प्रणाली सतत बदलत राहिली नाही तर निरुपयोगी होत जाते आणि बदलत राहिली तर अधिकाधिक गुंतागुंतीची होते, असे मेअर लेहमन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. ही गुंतागुंत आवरण्यासाठी वेगळे श्रम खर्ची घालावे लागतात.

१९६० च्या दशकात नॉर्वेमध्ये सिम्युला या भाषेबरोबर ऑब्जेक्टवर आधारलेली रचना पुढे आली. तीत समान गुणधर्म एका मूळ वर्गात ठेवतात व उपवर्गांना ते वारशाने मिळतात. येथे सोय आहे, तसा धोकाही आहे. समजा, वीजदेयकाच्या आज्ञावलीत 'ग्राहक' हा मूळ वर्ग असून 'घरगुती' आणि 'शेतीपंप' हे त्याचे उपवर्ग आहेत. घरगुती देयकाच्या सोयीसाठी कोणी मूळ वर्गातच प्रत्येक रक्कम पूर्ण रुपयांत आणण्याची व्यवस्था केली. शेतीपंपाच्या देयकात १२.६० व ७.६० यांची बेरीज २०.२०, म्हणजे पूर्ण रुपयांत २० येत असे. आता १३ आणि ८ मिळून २१ होतात. त्या उपवर्गाला कोणीही हात लावलेला नसतो, तरीही शेतकऱ्याला एक रुपया जादा भरावा लागतो.

यावर उपाय कोणता? प्रथम प्रणाली आज प्रत्यक्षात काय करते, याच्या चाचण्या तयार कराव्यात. या उदाहरणात २० ही अपेक्षित रक्कम आधीच नोंदलेली असती, तर चूक त्याच दिवशी उघडकीस आली असती. त्यानंतर वर्तन तेच ठेवून रचना लहान लहान पायऱ्यांनी सुधारावी आणि प्रत्येक पायरीनंतर सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या ग्रंथामुळे ही पद्धती सर्वत्र परिचित झाली.

सर्व काही मोडून नव्याने लिहिण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु जुन्या आज्ञावलीतील विचित्र दिसणाऱ्या ओळीमागे पुष्कळदा एखादा विस्मृत नियम किंवा पूर्वी निस्तरलेली अडचण असते. ती ओळ का लिहिली हे जाणणारी माणसे निवृत्त होण्यापूर्वीच त्यांचे ज्ञान टिपून ठेवले पाहिजे. नवी रचना अपरिहार्यच ठरली, तर काही काळ जुनी व नवी प्रणाली एकत्र चालवून दोहोंची उत्तरे ताडून पाहावीत आणि ती जुळल्यावरच जुनी प्रणाली बंद करावी.