दगडाला पाणी किती घालावं

मालवणात माड लावा, जास्वंद लावा, अबोली लावा; चार महिने त्याचं सगळं पाऊसच बघतो. अशा किनाऱ्यावर दक्षिण आफ्रिकेतले 'जिवंत दगड', म्हणजे लिथॉप्स, वाढवायला घेणं हा तसा आडमुठेपणाच. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. ही झाडं ज्या माळरानांवर उगवतात, त्यातल्या कित्येक ठिकाणी त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. तरी ती इथं जगतात, फुलतात, बीसुद्धा धरतात. माझ्या पूर्वेच्या खिडकीत त्यांचा संसार बरीच वर्षं चालू आहे. पुस्तकांतली वेळापत्रकं बहुधा युरोपातली असतात, ती आपल्या हवेला लागू पडत नाहीत. म्हणून हे इथलं टिपण.

१. झाड आधी नीट बघून घ्या.

दोन जाड पानं, मधे चीर, खाली थेट मूळ. खोड जवळजवळ नाहीच. वरून बघितलं तर गुराचं खूर मातीत रुतल्यासारखं दिसतं. रानात झाडाचं बहुतेक अंग जमिनीत असतं आणि वर फक्त माथा राहतो. माथ्यावरची काळपट, अर्धपारदर्शक नक्षी शोभेची नाही. ती खिडकी आहे. तिच्यातून ऊन आत शिरतं आणि पानाच्या आतल्या अंगाला असलेल्या हिरव्या पेशींपर्यंत पोचतं. म्हणजे हे झाड आपलं अन्न जमिनीखाली बसून शिजवतं. १८११ साली विल्यम बर्चेल हा इंग्रज निसर्गअभ्यासक दक्षिण आफ्रिकेत प्रीस्काजवळ एक चमत्कारिक गोटा उचलायला वाकला, तेव्हा कुठे तो झाड असल्याचं त्याला कळलं. लिथॉप्स हे नाव एन. ई. ब्राऊन यांनी दिलं, ते १९२२ मध्ये.

आपल्याला कामाची गोष्ट पुढचीच. दर वर्षी त्या चिरेतून पानांची नवी जोडी येते आणि जुन्या जोडीतलं पाणी पिऊन मोठी होते. जुनी जोडी सुकत सुकत पापुद्रा होऊन गळ्याशी चिकटून राहते. हे चाललेलं असताना आपण वरून पाणी घातलं की जुनी जोडी सुकायचं नाव घेत नाही. मग एकावर एक दोन जोड्या तशाच फुगलेल्या राहतात आणि नवी जोडी अडकून पडते. झाड 'तजेलदार' दिसतंय म्हणून आपण खूश होतो, आणि ते आतून बिघडत असतं.

२. पाणी सणांवर ठरवा.

मी तारखा पाळत नाही. मिरग लागला की पाणी बंद. पावसाळाभर हवेतला ओलावाच इतका असतो की अगदी बारकं रोप असेल तरच मधे चमचाभर. दसऱ्याच्या सुमारास पहिलं भरपूर पाणी: कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतकं, आणि मग माती खडखडीत होईपर्यंत काही नाही. याच दिवसांत फुलं येतात. चिरेतून कळी वर येते, दुपारी उमलते, संध्याकाळी मिटते, असं काही दिवस चालतं. फूल बहुतेक जातींत पिवळं किंवा पांढरं, आणि कधी कधी खालच्या झाडापेक्षा मोठं. तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी चालू ठेवायचं. नंतर हात आखडता घ्यायचा, तो जुनी पानं पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे साधारण शिमग्यापर्यंत. मग पुन्हा थोडं थोडं, आणि वैशाखाचं ऊन तापलं की आणखी कमी.

शंका आली तर पानाच्या कडा बघाव्या. कडेला उभ्या सुरकुत्या पडून सकाळपर्यंतही त्या भरून आल्या नाहीत, तर तहान आहे. सुरकुती नुसती दुपारची असेल तर ते उन्हाचं काम. तिकडे लक्ष देऊ नये.

३. माणसांपासून जपा.

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि कुठल्याही पुस्तकात तो नाही. शेजारच्या काकी पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "दगडांका पाणी घालतंस काय गो?" मी म्हटलं, घालत नाही म्हणूनच जगलेत. ते त्यांना पटलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला तहानेलं परत पाठवत नाहीत, आणि कुंडीतलं झाड म्हणजे दारात आलेलंच. कळशी हातात असली की परड्यातल्या शेवटच्या अळवापर्यंत पाणी पोचवूनच ती खाली ठेवायची, ही आमची रीत.

त्यात गणपतीला चाकरमानी येतात. घर भरतं, पोरं खळ्यात धावतात, आणि कुणीतरी प्रेमळ आत्या सकाळी उठून सगळ्या कुंड्यांना पाणी घालून मोकळी होते. हे नेमकं भाद्रपदात, म्हणजे या झाडांना पाण्याचं सगळ्यात वावडं असतं तेव्हा. आत्याला काही बोलता येत नाही. म्हणून मी चतुर्थीच्या आधी कुंड्या माळ्याच्या खिडकीत, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवते. बाकी बंद घरांच्या या जिल्ह्यात लिथॉप्ससारखं सोयीचं झाड नाही. कुलूप लावून महिना-दोन महिने मुंबईला जा, परत आल्यावर ते होतं तसंच असतं. माणसं घरात असली की त्याला धोका.

४. माती कमी, चिरा जास्त.

नर्सरीतून झाड बहुधा कोकोपीटमध्ये येतं. आणल्या दिवशीच ते काढून टाकावं. मुळांना चिकटलेला काथ्या काडीने हलक्या हाताने सोडवायचा, झाड सावलीत दोन-तीन दिवस कोरडं ठेवायचं आणि मग लावायचं. काथ्या पाणी धरून ठेवतो. आपल्या हवेत तो कधी पुरता वाळतच नाही.

आमच्याकडे जांभा आहे. मोडक्या घराचे चिरे गावोगाव पडलेले असतात, ते हातोडीने फोडावे. खाणीतली लाल भुकटी मात्र आणू नये: ती ओली झाली की घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडते. फोडलेला चिरा दोन चाळण्यांतून काढायचा; मुगाहून बारीक ते फेकायचं, हरभऱ्याहून मोठं ते कुंडीच्या तळाला. मधला माल तीन वाटे, चाळलेली माती एक वाटा. चिऱ्याला अंगभर भोकं असतात, त्यामुळे तो पाणी थोडं पितो आणि पटकन सोडतो. समुद्राची वाळू फुकट मिळते, पण कितीही धुतली तरी तिच्यातल्या मिठाची खात्री नाही. खाडीच्या वाळूचंही तेच. कुंडी उंचीला किमान चार इंच हवी, कारण मूळ सरळ खाली जातं. पसरट बशीतली रोपं फोटोत छान दिसतात, एवढंच.

५. पावसापेक्षा रात्र वाईट.

पाऊस अडवता येतो. पश्चिमेच्या बाजूला झडी बांधल्या, वर पारदर्शक पत्रा टाकला की झालं. पण ही झाडं हवा घेतात रात्री. दिवसा पाण्याची वाफ जाऊ नये म्हणून त्वचेवरची छिद्रं मिटलेली असतात. रात्री गारवा आला की ती उघडतात. त्यांच्या मूळ माळांवर रात्री चांगल्याच गार होतात. मालवणात मे-जूनच्या रात्री पारा पंचवीसच्या खाली यायला तयार नसतो, आणि हवा दमट. झाड तेव्हा जेमतेम तग धरतं. अशा वेळी खत, पाणी, कुंडी बदलणं, काहीही करू नये. वारा मात्र खेळता हवा. टेबलफॅन लावून ठेवता येतो. वीज असेल तेवढा वेळ.

पाऊस संपल्यावर झाड एकदम ऑक्टोबरच्या उन्हात ठेवलं की माथ्यावर पांढरे चट्टे पडतात आणि ते पुढची जोडी येईपर्यंत जात नाहीत. सुरुवातीला सकाळचं तासभर ऊन, मग वाढवत न्यावं. चार-पाच तास मिळाले की पुरे. अंधारात ठेवलेलं झाड मान लांब करून उजेड शोधू लागतं, आणि अशी लांबलेली मान पुन्हा आखूड होत नाही.

६. जात बघून घ्या.

सगळे लिथॉप्स सारखे नाहीत. लेस्लिआय ही जात उन्हाळी पावसाच्या मुलखातली, तिला त्यातल्या त्यात जास्त पाऊस माहीत आहे. ऑकॅम्पिए हीसुद्धा उन्हाळी पावसाची. नवख्याने या दोन्हींपासून सुरुवात करावी. ऑप्टिकाची जांभळट-लाल 'रुब्रा' दिसायला देखणी, पण ती नामिबियाच्या धुक्याच्या, हिवाळी पावसाच्या किनाऱ्याकडची. इथं ती सांभाळणं कठीण. ऑकॅम्पिएचा रंग विटकरी-तपकिरी. फोडलेल्या चिऱ्यात लावली की ती अशी लपते, की झाड कुठलं आणि खडा कुठला हे बोट लावून बघावं लागतं. पाच हजार मैलांवरचं झाड आमच्या जांभ्यात इतकं मिसळून जाईल असं मला वाटलं नव्हतं.

७. पाणी मचूळ असेल तर घालू नका.

किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ होतात. ते पाणी माती वाळली की वर पांढरा थर सोडून जातं. पावसाळ्यात पागोळीचं पाणी बाटल्यांत भरून ठेवावं. पावसाने मरणाऱ्या झाडाला पावसाचंच पाणी लागतं, असा हा प्रकार.

८. पिठ्या ढेकूण, गोगलगाई, उंदीर, शेजाऱ्यांच्या कोंबड्या.

पिठ्या ढेकूण जुन्या सुकल्या पानांच्या आड बसतो. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून काडीने टिपायचा. बाकीच्यांसाठी जाळी.

९. निळे लिथॉप्स नसतात.

ऑनलाइन निळ्या, इंद्रधनुषी 'जिवंत दगडां'च्या बियांची पाकिटं विकतात. ते रंग संगणकावर चढवलेले. खरे रंग राखाडी, तपकिरी, मातकट हिरवे, पिवळट, गुलाबी झाकेचे. फार तर जांभळट-लाल. खरं बी धुळीइतकं बारीक असतं. पाकिटातून मोहरीएवढे दाणे निघाले तर समजावं. आणि स्वस्तात मोठं, जुनं, ओरखडे पडलेलं झाड कुणी देऊ लागलं तर विचारावं, हे आलं कुठून? दक्षिण आफ्रिकेच्या रानातून असली बुटकी मांसल झाडं उपटून चोरून विकण्याचा धंदा अलीकडे वाढला आहे. बियांपासून वाढवलेलीच घ्यावीत.

१०. ही झाडं सांभाळायला लागल्यापासून सडा वेगळा दिसतो.

सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळमाळ; सातबाऱ्यावर तो पोटखराबा. मे महिन्यात त्यावर अनवाणी चालून बघा: काळा-तांबडा तवा. पण पहिल्या पावसाबरोबर कातळाच्या भेगांतून दीपकाडी पांढरी फुलते, ती कोकणच्या जांभ्याच्या सड्यांची खास. मागून गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारा दवबिंदू. पाऊस गेला की कंदवाली झाडं भेगेतल्या मूठभर मातीत उतरतात आणि पुढचे आठ महिने कुणाला दिसत नाहीत. आफ्रिकेतला दगड वर बसून लपतो, आमचे खाली जाऊन. आमच्याच तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कुणीतरी कातळात चित्रं कोरली आहेत. २०२२ मध्ये ती कोकणातल्या इतर कातळशिल्पांसह युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्यांनी ती कोरली त्यांना सडा पोटखराब वाटला नसणार.

लिथॉप्सचं एक नातलगही इथंच आहे. खाडीच्या काठाला, खाजणात, जाड पानांची गुलाबी फुलांची समुद्री घोळ पसरते. कुळ एकच, ऐझोएसी. भरतीचं खारं पाणी अंगावर घेऊन ती मजेत वाढते. सड्यावरचे कंद मात्र उपटून कुंडीत आणू नयेत. कुंडीत ते एक-दोन पावसाळे काढतात, आणि सड्यावरची भेग रिकामी होते ती होतेच.

११. बी धरायचं असेल तर दोन झाडं हवीत.

एकाच झाडाचा पराग त्याला स्वतःला चालत नाही. एकाच जातीची दोन झाडं एकाच वेळी फुलली की दुपारी बारीक ब्रशने पराग इकडून तिकडे न्यायचा. बोंड पिकायला महिने लागतात. सुकलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकला की त्याची पाच-सहा झाकणं बघता बघता चांदणीसारखी उघडतात, आणि वाळल्यावर पुन्हा मिटतात. रानात पावसाचा थेंबच बी उडवतो. आपण बशीत पाणी घेऊन ते धुऊन काढायचं.

पेरणी तुळशीच्या लग्नानंतर, रात्री गार व्हायला लागल्या की. बारीक चाळलेल्या चिऱ्यावर बी नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही. फवाऱ्याने ओल द्यायची आणि वर काच ठेवायची. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. दिसले की काच रोज थोडी थोडी सरकवत न्यायची, कारण आपल्याकडे झाकलेल्या कुंडीत शेवाळ रोपांच्या आधी वाढतं. फुलाला मग तीन-चार वर्षं. ती जवळ आली की दसऱ्यानंतर दुपारी घरी थांबायची सोय करून ठेवावी, कारण संध्याकाळी कामावरून येईपर्यंत फूल मिटलेलं असतं.