मणक्याला सोसेल अशी गाडी

डिंगोरे हे कल्याण-नगर महामार्गावरचं गाव. पश्चिमेला मढ आणि माळशेज, पूर्वेला ओतूर आणि आळेफाटा. दवाखाना, बाजार, कॉलेज, लग्नकार्य, कशालाही निघा, गाडी लागतेच, आणि आमच्या पट्ट्यात गाडी म्हणजे बहुधा बोलेरो, सुमो किंवा स्कॉर्पिओ. सुमो 1994 ची, बोलेरो 2000 ची, स्कॉर्पिओ 2002 ची. पहिल्या वर्षांत घेतलेल्या या गाड्यांपैकी कितीतरी अजून रस्त्यावर आहेत. पंधरा वर्षं झाली की मालक पुन्हा पासिंग करून पाच वर्षांची मुदत घेतात आणि गाडी चालू ठेवतात. इंजिन दणकट असतं, त्याची तक्रार फारशी नसते. तक्रार असते ती गचक्यांची. घरातली माणसं म्हातारी होतात आणि एके काळी कुणाला न जाणवलेले दणके मणक्यात जाऊन बसतात.

आमच्या घरी आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, वर्षभर हिसका बसता कामा नये. तपासणीसाठी नारायणगाव आणि पुण्याच्या फेऱ्या तर चुकणार नव्हत्या. गाडी आमची जुनी बोलेरो, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. दुकानात गेलो आणि म्हटलं, गाडी मऊ चालेल असे शॉकअप द्या. समोरच्याने क्षणाचाही विचार न करता ‘हेवी ड्यूटी गॅस’ लिहिलेले चार खोके काउंटरवर ठेवले. कंपनीच्या साध्या शॉकअपच्या जवळजवळ तिप्पट किंमत. म्हणाला, याच्यावर माल नाही, बाहेरच्या देशात हेच वापरतात.

माल खरोखर चांगला होता. फक्त तो आमच्या कामाचा नव्हता. महामार्गावर गावाच्या अलीकडे रस्त्यावर ओळीने पांढऱ्या जाड पट्ट्या मारलेल्या असतात. त्यांच्यावरून जाताना पूर्वी गाडी थरथरायची, आता ती टणाटण आदळायला लागली. आईने दोन्ही तळवे सीटवर टेकले आणि अंग उचलून धरलं. गतिरोधक आला की ती आधीच डोळे मिटून घ्यायची. वेगात वळण घेताना गाडी मात्र पूर्वीपेक्षा घट्ट चालत होती, डुलत नव्हती. म्हणजे शॉकअप आपलं काम चोख करत होते, पण ते काम दुसऱ्याच कुणाच्या गरजेचं होतं.

इथे शॉकअप नेमकं काय करतो हे कळणं महत्त्वाचं आहे. पुष्कळांना वाटतं, गाडीचं वजन शॉकअपवर असतं. तसं नाही. वजन पेलतात स्प्रिंग आणि पाटे. खड्ड्याचा धक्का आधी टायर घेतो, मग स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, आणि तिला कुणी आवरलं नाही तर गाडी कितीतरी वेळ वरखाली होत राहील. ते आवरण्याचं काम शॉकअपचं. बँकेच्या काचेच्या दाराला वर जो हायड्रॉलिक क्लोजर बसवलेला असतो, तसंच हे. दाराचं वजन बिजागऱ्या पेलतात, क्लोजर दार धाडकन आपटू देत नाही. शॉकअपच्या नळीत तेल असतं, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि झडपा असतात. त्यांतून तेल ढकलताना जोर लागतो, हालचालीची उष्णता होते आणि उसळी थांबते. छिद्रं जितकी बारीक आणि झडपा जितक्या कडक, तितकी उसळी लवकर थांबते, पण खड्ड्याच्या धारेचा अचानक बसणारा धक्काही तितकाच सरळ बॉडीत जातो.

हेवी ड्यूटी शॉकअप बनवलेला असतो भरलेल्या गाडीसाठी. मागे सामान, टपावर कॅरियर, कच्चा रस्ता, सलग तासन्‌तास चालवणं. त्याला कडक स्प्रिंग आवरायची असते, म्हणून तो स्वतः कडक असतो. रिकाम्या गाडीत दोन माणसं बसवून तो लावला की पट्ट्यांवर आणखी एक गोष्ट घडते. चाक वर ढकललं जातं, पण शॉकअप त्याला वेळेत खाली येऊ देत नाही. तेवढ्यात दुसरी पट्टी येते, मग तिसरी. चाक वरच अडकत जातं आणि शेवटी रबराच्या ठोकळ्यावर आदळतं. आईच्या कमरेला बसत होते ते हेच दणके.

उपाय सापडला तो कमानी दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याने चाक उतरवलं, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, मग पाट्यांचा गठ्ठा सोडवला. पाटे एकमेकांना इतके चिकटले होते की छिन्नी घालून वेगळे करावे लागले. मधून गंजाची तांबडी पूड सांडली. त्या गठ्ठ्यात एक पाटा बाकीच्यांपेक्षा जाड आणि वेगळा होता. कांद्याच्या गोणी ओतूरच्या बाजारात न्यायला हीच गाडी वापरायची, त्या दिवसांत घालून घेतलेला जादा पाटा. आता माल पिकअपमधून जातो, बोलेरोत फक्त माणसं बसतात, पण पाटा तसाच राहिला होता. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांत असा जादा पाटा सर्रास सापडेल, कारण कांदा-टोमॅटोच्या हंगामात गाडीने कधी ना कधी ओझं वाहिलेलं असतंच.

त्या माणसाने जादा पाटा काढला, बाकीचे तारेच्या ब्रशने घासले, ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं, टोकांचे झिजलेले पॅड आणि शॅकलचे बुश नवे घातले. नुसत्या या कामाने गाडी निम्मी सुधारली. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. बारीकसारीक खड्ड्यांत ते हलतच नाहीत, अख्खा गठ्ठा लाकडी फळीसारखा कडक राहतो. अशा वेळी कुठलाही शॉकअप लावा, फरक पडत नाही. स्प्रिंगच हलली नाही तर शॉकअप आवरणार कशाला?

गाडीला मागून हात लावून जोरात दाबायचं आणि ती किती वेळा उसळते ते पाहायचं, ही गॅरेजमधली नेहमीची परीक्षाही पाट्यांच्या गाडीत फसवी ठरते, ती याच कारणाने. गंजाच्या घर्षणाने गाडी लगेच थांबते आणि मेलेला शॉकअप चांगला वाटतो. खरी परीक्षा अशी: खालचं टोक सोडवून हाताने ओढून-दाबून पाहायचं. दोन्हीकडे सलग जोर लागला पाहिजे, बाहेर ओढताना जास्त. मध्येच पोकळ लागलं, सुळकन सरकलं किंवा नळीवर ओलं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली, तर तो गेला. टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसली तरी संशय घ्यावा.

आणि हवा. याच्याइतका स्वस्त उपाय नाही आणि याच्याइतकं दुर्लक्षही कशाकडे होत नाही. पंपावर मुलगा सरसकट चाळीसचा आकडा लावतो आणि आपण पुढे निघतो. दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे दिलेले असतात, ते पाहून सकाळी टायर थंड असताना हवा भरावी. हवा मुद्दाम कमी करून गाडी मऊ करायला जाऊ नये. टायर तापतो, कडा झिजतात आणि घाटात गाडी हाताला ढिली लागते. टायर बदलायची वेळ आली असेल तर मालवाहू गाडीचे जादा प्लायचे टायर घेऊ नयेत. त्यांच्या भिंती जाड असतात आणि त्या कडकपणावर शॉकअपचा इलाज नाही.

एवढं झाल्यावर शॉकअप. बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. नुसत्या तेलाचा दुहेरी नळीचा. दुहेरी नळीचाच, पण कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. आणि जास्त दाबाचा एकेरी नळीचा. हा शेवटचा प्रकार मूळ फ्रान्सच्या द कार्बन यांच्या रचनेचा, आणि जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीने 1950 च्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. तो लवकर तापत नाही, तेलाचा फेस होऊ देत नाही, खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास दम धरतो. पण त्यातला दाब दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे बारीक खड्डे हाताला आणि पाठीला जाणवतात. रोज माळशेज उतरून मुंबईकडे वेगाने जाणाऱ्याने तो जरूर घ्यावा. घरची म्हातारी माणसं घेऊन पन्नास-साठच्या वेगाने ओतूर-नारायणगाव करणाऱ्याने मूळ मापाचा, दुहेरी नळीचा, तेलाचा किंवा कमी दाबाच्या गॅसचा घ्यावा. आम्ही तेलाचे घेतले आणि आईने पुढच्या प्रवासात सीटवर हात टेकले नाहीत.

असा साधा माल मिळवायला लांब जावं लागत नाही. 1961 साली सुरू झालेल्या गॅब्रिएल कंपनीचा कारखाना तर पुणे-नाशिक महामार्गावर, खेड तालुक्यात कुरुळीलाच आहे. गाडीच्या कंपनीच्या काउंटरवर मूळ सुटा भागही मिळतो. फक्त गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर दाखवून पार्ट नंबर जुळवून घ्या आणि पक्कं बिल मागा. नकली मालाचं पॅकिंग अस्सल दिसतं, पण नकली माल देणारा पार्ट नंबर घातलेलं बिल द्यायला कांकू करतो.

लांबीही पाहा. गाडी उंच करणाऱ्या किटचे लांब शॉकअप मूळ उंचीच्या गाडीला लावले तर स्प्रिंग पूर्ण दबण्याआधीच ते टेकतात आणि दणका थेट चेसिसला बसतो. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा उंची वाढवण्याचा नाद पासिंगच्या वेळी महागात पडू शकतो.

बसवताना फिटरजवळ उभं राहा. दुहेरी नळीचा शॉकअप लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून-दाबून घ्यायचा, म्हणजे आडव्या खोक्यात आत शिरलेली हवा निघून जाते. रबरी बुशाचे नट जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी राहिली, वजन बसलं, की मग आवळावेत, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो, कडक लागतो आणि लवकर फाटतो. शॉकअप एकाच बाजूचा कधी बदलू नये, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही जोडीनेच बदलावेत.

ज्यांच्या घरी मणक्याचा रुग्ण आहे त्यांनी बसण्याची जागाही ठरवावी. बोलेरोच्या मागच्या आडव्या बाकांवर मागच्या चाकांचा दणका सगळ्यात जास्त लागतो. मधल्या सीटवर, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, तो सगळ्यात कमी लागतो. हा बदल फुकट आहे, आजच करता येईल.

आळेफाटा, ओतूर, नारायणगावच्या स्पेअर पार्टवाल्यांना आणि फिटर मंडळींना एक विनंती. गिऱ्हाईक ‘मऊ गाडी’ म्हणालं की खोका काढण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा: गाडीत काय भरता, आणि गाडीत कोण बसतं?